नरकाची फोटोओळ

तुमच्या फोनमध्ये सध्या किती नरक आहेत, एकदा मोजून बघा. सबमिशनच्या आठवड्यातली 'हेल वीक'ची स्टोरी. विरार लोकलच्या दारातला फोटो, खाली 'वेलकम टू हेल'. मे महिन्यातल्या तापमानाचा स्क्रीनशॉट आणि आगीचे चार इमोजी. गेम्समधले शिंगवाले राक्षस वेगळेच. प्लेलिस्टमध्ये एसी/डीसीचं १९७९ चं 'हायवे टू हेल' असेल तर तेही धरा. ज्या जागेचं नाव काढलं की आजी 'शुभ बोल रे' म्हणते, ती जागा आपण स्टिकरसारखी कुठेही चिकटवतोय.

यात काही बिघडलंय असं मला वाटत नाही. नरकाशी खेळणं हा माणसाचा जुना छंद आहे. कॅमेरा नवा होता तेव्हापासून तो फोटोग्राफीतही आहे. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये 'डायाब्लरी' नावाची कार्डं विकली जायची. मातीच्या छोट्या बाहुल्या करून कलाकार अख्खा नरक टेबलावर उभा करायचे आणि त्याचे दोन किंचित वेगळ्या कोनांतून फोटो काढायचे. ते कार्ड दुर्बिणीसारख्या यंत्रात घातलं की नरक थ्रीडी दिसायचा. कागद पातळ असायचा. मागून उजेड पडला की चित्रात रंग भरायचे आणि सांगाड्यांचे टोचलेले डोळे लाल चमकायचे. तेव्हा तिथे तिसऱ्या नेपोलियनचं राज्य होतं आणि सम्राटाची उघड टिंगल करणं महागात पडायचं. मग काय, सैतानाचा दरबार दाखवून राजदरबाराची खिल्ली उडवली जायची. 'क्वीन' बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे याला ही कार्डं जमवण्याचं वेड आहे. त्याने दोन अभ्यासकांना सोबत घेऊन २०१३ मध्ये त्यांवर जाडजूड पुस्तकच काढलं.

हा खेळ जगभर चालतो. सिंगापूरच्या 'हॉ पार व्हिला' या बागेत नरकाच्या दहा न्यायालयांचे पुतळे आहेत. वाईट वागलं की काय होतं ते दाखवायला आईवडील पोरांना तिथे नेत आले आहेत. जपानमधल्या बेप्पू शहरात उकळत्या झऱ्यांनाच 'नरक' म्हणतात. लाल पाण्याचा एक, निळ्या पाण्याचा एक. लोक तिकीट काढून नरकांची फेरी मारतात आणि वाफेवर उकडलेली अंडी खातात. १९९३ मध्ये आलेल्या 'डूम' गेममध्ये मंगळाच्या चंद्रावर नरकाचं दार उघडतं. पुढे त्याचा कोड खुला झाला आणि कॅल्क्युलेटरपासून प्रिंटरपर्यंत मिळेल त्या यंत्रावर 'डूम' चालवून दाखवणं हा हौशी प्रोग्रॅमर्सचा छंदच झाला. आपल्याकडे गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री पोरं अक्राळविक्राळ नरकासुर उभे करतात, त्यांच्या स्पर्धा लागतात आणि पहाटे ते जाळले जातात. कोकणात अभ्यंगस्नानाच्या वेळी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं की झाला नरकासुराचा वध.

या सगळ्या नरकांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. यांना बाहेरचं दार आहे. कार्ड खाली ठेवलं, गेम बंद केला, तिकिटाची वेळ संपली, पहाट झाली, की तुम्ही बाहेर. आत अडकून पडलेलं कुणी नाही. तुर्कमेनिस्तानच्या काराकुम वाळवंटात सुमारे ७० मीटर रुंदीचा एक खड्डा कित्येक दशकं जळतोय. सोव्हिएत काळातल्या गॅसच्या शोधाशी त्याचा संबंध जोडला जातो. त्याला 'नरकाचं दार' म्हणतात आणि पर्यटक तिथे सेल्फी काढतात. त्या नावानेही कुणाचा अपमान होत नाही, कारण त्या खड्ड्यात कुणी राहत नाही.

प्रश्न सुरू होतो तो फोटोत माणूस असतो तेव्हा.

झारखंडमधलं झरिया घ्या. तिथल्या कोळशाच्या थरांना आग लागल्याची पहिली नोंद १९१६ ची आहे. जमिनीखाली अजून जळतंय. भेगांमधून धूर निघतो, जमीन खचते, आणि त्याच जमिनीवर माणसं राहतात, पोरं शाळेत जातात. रात्रीच्या अंधारात लाल निखारे आणि डोक्यावर कोळशाची टोपली घेतलेली बाई, हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. खाली बहुतेक वेळा 'पृथ्वीवरचा नरक' असं काहीतरी असतं. इंडोनेशियात पूर्व जावामध्ये इजेन नावाचा ज्वालामुखी आहे. रात्री तिथे जळत्या गंधकाच्या निळ्या ज्वाला दिसतात. त्या धुरातून कामगार ७०-७० किलो गंधक खांद्यावर घेऊन चढ चढतात, आणि शेजारी पर्यटक ट्रायपॉड लावून उभे. फोटोखाली पुन्हा तेच, नरक. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहांनाही दिसला होता. तेव्हाही 'मुंबईचा नरक' लिहायला कुणाला फार विचार करावा लागला नसेल.

मी मास कॉमची विद्यार्थी. फोटोओळ लिहायला शिकण्याचे दिवस चालू आहेत. फोटोओळ म्हणजे फोटोखालची ती एक-दोन वाक्यं, ज्यांना तुम्ही कॅप्शन म्हणता. फोटो पाहून पहिला सुचतो तो शब्द बऱ्याचदा 'नरक'च असतो. तो दमदार आहे, छोटा आहे, जागेत बसतो. पण तो शब्द नेमकं काय सांगतो, याचा विचार करा.

आपल्या पुराणात काय किंवा दुसऱ्या धर्मात काय, नरक म्हणजे नुसती वाईट जागा नव्हे. ती शिक्षेची जागा आहे. तिथे जो जातो तो आपल्या कर्माने जातो. 'अपरिचित' सिनेमा टीव्हीवर न पाहिलेला माणूस विरळाच. शंकरचा २००५ चा 'अन्नियन', त्याचं हिंदी डबिंग. त्यात नायक गरुडपुराण उघडून एकेकाला त्याच्या गुन्ह्याबरहुकूम नरक वाटत सुटतो. रेल्वेत घाणेरडं जेवण देणारा कंत्राटदार थेट उकळत्या तेलात. आपण शिट्ट्या मारतो, कारण गुन्हा आपल्याला माहीत असतो. नरकाचा हिशोब असाच चालतो. आधी गुन्हा, मग यमाचा निवाडा, मग कढई.

आता हाच हिशोब झरियाच्या बाईला लावा. तिचा गुन्हा कोणता?

काहीच नाही. आणि इथेच तो शब्द चुपचाप दगा देतो. 'नरक' म्हटलं की तिथली माणसं पाप्यांच्या रांगेत जाऊन बसतात. निदान 'त्यांच्या नशिबातच ते होतं' असं वाटून आपण पुढे स्क्रोल करतो. नरकाबद्दल आपण चुक्चुक् करतो, चौकशी करत नाही. यमाकडे माहितीचा अधिकार कोण वापरणार?

पण या जागांचा यम कुणी देव नाही. झरियाची आग शंभर वर्षांच्या खाणकामाची आणि लांबलेल्या निर्णयांची आहे. तिथल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा आराखडा २००९ मध्ये मंजूर झाला, म्हणजे आगीच्या पहिल्या नोंदीनंतर ९३ वर्षांनी. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय, तो मुंबईकरांच्या घरातून गेलेला. झरियाचा कोळसा पोलाद बनवायला लागतो. इजेनचं गंधक साखर पांढरी करण्याच्या कामीही येतं. म्हणजे या तथाकथित नरकांचा रस्ता आपल्या स्वयंपाकघरातून, डस्टबिनमधून आणि बाइकच्या चाकांमधून जातो. 'नरक' हा शब्द तो रस्ता पुसून टाकतो, आणि आपण सगळे आपोआप स्वर्गवासी होतो.

तुम्ही म्हणाल, 'अगं, पण असं काही लिहिल्याशिवाय लोक थांबून बघतच नाहीत.' मुद्दा खरा आहे. धक्का दिल्याशिवाय अंगठा थांबत नाही. पण 'इथल्या जमिनीखाली १९१६ पासून आग आहे आणि हिची शाळा त्याच जमिनीवर आहे' या ओळीत धक्का कमी आहे का? उलट ती वाचून पुढचा प्रश्न पडतो, की मग इतकी वर्षं कुणी काय केलं? 'नरक' वाचून तो पडत नाही.

आणखी एक आक्षेप येईल. तिथली माणसं स्वतःच म्हणतात ना, की आम्ही नरकात राहतो? म्हणतातही. ती त्यांची तक्रार आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे. मग ते वाक्य त्यांच्या नावाने, अवतरणचिन्हांत छापा. त्यांच्या तोंडी 'नरक' हा आरोप असतो. आपल्या फोटोओळीत तो शेरा होतो. फरक लहान दिसतो, पण तोच महत्त्वाचा आहे.

म्हणून सबमिशनला, लोकलला, सोमवारच्या आठच्या लेक्चरला खुशाल नरक म्हणा. गेममधले राक्षस मारा, नरकासुराला भरपूर दाढीमिशा लावा. फक्त कॅमेऱ्यात माणूस आला की दोन प्रश्न विचारा. याचा गुन्हा काय? आणि ही आग कुणी लावली, कुणी विझवली नाही? पहिल्याचं उत्तर 'काही नाही' असेल, तर 'नरक' खोडा आणि दुसऱ्याचं उत्तर शोधून तिथे लिहा. जागेचं नाव, वर्ष, माणसाचं काम, जबाबदार यंत्रणा. एवढं दोन ओळींत बसतं.

त्या फोटोला लाइक कदाचित कमी मिळतील. पण ज्याचा फोटो आहे, त्याला ती फोटोओळ वाचून दाखवताना तुम्हाला खाली बघावं लागणार नाही.