गळ्याची गाठ आणि संशयाची भाषा

शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर परीक्षेत गळ्याला गाठ असलेला रुग्ण विद्यार्थ्यापुढे यावा, ही आपल्या देशात नित्याची गोष्ट होय. विद्यार्थी रुग्णाच्या पाठीमागे उभा राहतो, दोन्ही हातांची बोटे गळ्यावर ठेवतो, त्याला पाण्याचा घोट गिळावयास सांगतो आणि गाठ घोटाबरोबर वर सरकते की काय ते पाहतो. सरकली तर ती बहुधा अवटु ग्रंथीची, म्हणजे व्यवहारात आपण जिला थायरॉईड म्हणतो तिची. कारण ही ग्रंथी स्वरयंत्रास व श्वासनलिकेस जखडलेली असते. मग परीक्षकांपुढे रुग्णाचा वृत्तांत सांगावयाचा. तपासणीची कृती विद्यार्थ्यांच्या हाती सरावाने बसते. वृत्तांत सांगण्याची विद्या मात्र त्यांना हवी तशी शिकविली जात नाही. कर्करोगाचा संशय असेल तेथे ही उणीव रुग्णाला भोवते, असे आमचे मत आहे.

पाठ केलेला वृत्तांत बहुधा खोटा नसतो. त्यात वय असते, व्यवसाय असतो, गाठ किती दिवसांची ते असते, आणि 'हे नाही, ते नाही' अशी लांबलचक यादी असते. परंतु कोठीतील भांडी मोजावीत तसे सारे एकाच सुरात सांगितले जाते, आणि ऐकणाऱ्यास महत्त्वाचे काय ते उमगत नाही. वस्तुतः संशय बळावतो तो मोजक्या गोष्टींनी. गाठ दगडासारखी कठीण आहे काय, जागच्या जागी रुतली आहे काय, थोड्या आठवड्यांत झपाट्याने वाढली काय, मानेच्या बाजूस आणखी गाठी लागतात काय? बालपणी मानेवर किरणोत्साराचा परिणाम झाला होता काय, हा प्रश्नही उपचारापुरता नव्हे. १९८६ मधील चेर्नोबिलच्या अपघातानंतर बेलारूस व युक्रेन येथील मुलांत हा कर्करोग वाढल्याचे सर्वांस ठाऊक आहे. याचा एक प्रकार काही कुटुंबांत आनुवंशिक असतो, म्हणून रक्ताच्या नात्यातील माणसांची चौकशी करावयाची. आवाज घोगरा झाला असेल तर तेही आधी सांगितले पाहिजे, कारण स्वरयंत्राकडे परतणारा मज्जातंतू या ग्रंथीच्या अगदी पाठीमागून जातो. आणि आवाज चांगला असूनही एका बाजूची स्वररज्जू लुळी असू शकते. तेव्हा 'आवाज ठीक' म्हणून थांबणाऱ्यास 'स्वरयंत्र पाहिले काय?' असे शिक्षकाने विचारावे.

आता 'संशय' या शब्दाकडे वळू. बारीक सुईने गाठीतील पेशी काढून तपासतात, त्या अहवालासाठी आज बेथेस्डा पद्धती सर्वत्र रूढ आहे. अमेरिकेत बेथेस्डा येथे २००७ साली भरलेल्या परिषदेतून ती निघाली. तिच्यात सहा वर्ग आहेत, आणि मधले वर्ग म्हणजे संशयाच्या पायऱ्याच होत. तिसऱ्या वर्गातील ज्या गाठी पुढे शस्त्रक्रियेने काढल्या गेल्या, त्यांत कर्करोग निघण्याचे प्रमाण सुमारे पाचांत एक. पाचव्यात ते सुमारे चारांत तीन. चौथ्या वर्गात तर सुईला उत्तर देताच येत नाही, कारण पेशींनी गाठीचे आवरण भेदले आहे की नाही हे गाठ काढून पाहिल्यावाचून कळत नाही. या तिन्ही रुग्णांविषयी विद्यार्थी 'कर्करोगाचा संशय आहे' एवढेच म्हणाला, तर वाक्य शुद्ध, पण निदान अपुरे. भाषांतर करताना हीच अडचण आम्हांस पदोपदी येते. इंग्रजीतील संभवाच्या चार छटा मराठीत 'शक्यता' या एकाच शब्दात कोंबल्या जातात. तेथे वाचकाचा थोडा गैरसमज होतो. येथे माणसाची ग्रंथी जाते.

ही अतिशयोक्ती नव्हे. दक्षिण कोरियात निरोगी माणसांच्या मानेची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, आणि २०११ साली या कर्करोगाच्या नव्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास तेथेच राहिले. ज्या बारीक गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्यांच्यापायी हजारो माणसांनी ग्रंथी गमावली. संपूर्ण ग्रंथी काढल्यावर रोज गोळी घ्यावी लागते, ती जन्मभर. काहींचा आवाज बिघडतो, काहींच्या रक्तातील कॅल्शियम घटून हातपाय वळतात. म्हणून संशय किती, हे तोलून सांगणे हा तपासणीचाच भाग मानला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार खटकते. हा सारा वृत्तांत खाटेशेजारी, रुग्णाच्या डोक्यावरून, इंग्रजीत सांगितला जातो. त्या प्रवाहातून रुग्णाच्या कानी एकच शब्द पडतो, 'कॅन्सर', आणि तो त्या शब्दासह रात्र काढतो. आमची सूचना अशी, की विद्यार्थ्याने प्रत्येक वृत्तांत दोनदा सांगावा: एकदा शिक्षकास, आणि नंतर शिक्षकाच्या समक्ष रुग्णास, रुग्णाच्या भाषेत. नागपूरचा विद्यार्थी चेन्नईत शिकत असेल तर परिचारिकेने दुभाषीपण करावे. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, वेळ नसतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु सहा वाक्यांचे हे काम आहे. गाठ आहे, ती अशी दिसते, तिच्यात रोग असण्याचा संभव इतका आहे, सुईची तपासणी अमुक दिवशी होईल, तिचे उत्तर काय येऊ शकते, आणि प्रत्येक उत्तरानंतर आपण काय करू. परीक्षेत या सहा वाक्यांना दहा गुण ठेवले, तर विद्यार्थी ती एका सत्रात शिकतील.