कुत्र्याला विषबाधा : आधी डबा पाहा!

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शेतवस्त्यांवर राखणीला कुत्रा असतो, तशी कोठीत उंदराची विषे आणि कीटकनाशकेही असतात. कुत्र्याने विष खाल्ले की त्याला मिठाचे पाणी वा दूध पाजण्याची धावपळ होते. ही रीत आता बंद व्हायला हवी.

कारण, विष म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे. झिंक फॉस्फाइडची काळसर पूड जठरातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फीन हा विषारी वायू तयार करते. उलटीतूनही तो बाहेर पडतो. म्हणून दारे-खिडक्या उघडाव्यात. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांनी लाळ गळते, बाहुल्या आकसतात, स्नायू थरथरतात. तेथे डॉक्टर ॲट्रोपिन देतात. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. त्याची लक्षणे काही दिवसांनी दिसतात आणि त्यावर उतारा के-१ जीवनसत्त्वाचा! एकाचा उतारा दुसऱ्याला चालत नाही. मीठ जास्त झाले तर तेच घातक ठरते. झटके येत असताना पाजलेले दूध फुप्फुसात जाऊ शकते.

म्हणून डबा फेकू नका. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार त्यावरील चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल. त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. डबा आणि कुत्र्याला घेऊन ताबडतोब पशुवैद्यकाकडे जा, किंवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करा. विष केव्हा व किती खाल्ले, तेही सांगा.

शिक्षकांनी विज्ञानाचा एक तास या त्रिकोणाला द्यावा. वस्तीवर कुत्र्याबरोबर लहान मुलेही वावरतात.