आई-बाबांना आपल्या पार्टीला बोलावू नका

शनिवारी संध्याकाळी घरी मित्र येणार असले की वाकड-बाणेरपासून डोंबिवलीपर्यंतच्या टू-बीएचकेंमध्ये साधारण एकच क्रम दिसतो. आई दुपारपासून काहीतरी तळून ठेवते. बाबा कोपऱ्यावरून कोल्ड्रिंक आणि बर्फ आणून देतात. पाहुणे आले की दोघं दहा मिनिटं हॉलमध्ये बसतात, ‘सध्या कुठल्या कंपनीत?’ विचारतात आणि मग कुणी न सांगताच उठून आतल्या खोलीत जातात. दार लोटलं जातं. बाहेर गाण्यांचा आवाज वाढतो. आत टीव्हीही नसतो, कारण तो हॉलमध्ये असतो. दुसऱ्या दिवशी आई म्हणते, ‘आमचं काही नाही रे, तुमचं चालू दे.’ ज्याला मराठी कळतं त्याला या वाक्यातलं ‘काही नाही’ बरोबर कळतं.

यावर दोन तयार उत्तरं आहेत. एक फॅमिली ग्रुपवर सकाळी सहा वाजता येतं. गुलाबाच्या फोटोवर लिहिलेलं असतं की ज्यांनी बोट धरून चालायला शिकवलं त्यांना म्हातारपणी विसरू नका. दुसरं आपल्या रील्समध्ये येतं, त्याचं नाव बाउंडरीज. तुमचं घर, तुमचे मित्र, तुमची स्पेस. आई-बाबांना वाईट वाटलं तर तो त्यांचा प्रश्न. पहिलं उत्तर सांगतं की त्यांना पार्टीत बसवा. दुसरं सांगतं की बसवू नका आणि गिल्टही घेऊ नका.

माझं म्हणणं असं आहे की दोन्ही उत्तरं चुकीच्या प्रश्नाची आहेत. आपल्या पार्टीत त्यांना जागा आहे की नाही, हा मुद्दाच नाही. त्यांची स्वतःची पार्टी कुठे गेली, हा मुद्दा आहे.

आधी बसवण्याबद्दल. मित्रांमध्ये माणूस जे बोलतो ते आई-बाबांसमोर बोलू शकत नाही. यात दारूचा भाग छोटा आहे. नोकरी जाणार असल्याची भीती, मोडत आलेलं लग्न, थेरपिस्टकडे सुरू असलेल्या फेऱ्या हे सगळं समवयस्कांसमोरच निघतं. काकू येऊन बसल्या की खोलीतला प्रत्येक जण कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी होतो. आणि काका-काकूही मोकळे नसतात. त्यांना वड्यांची रेसिपी विचारली जाते, गुडघे कसे आहेत विचारलं जातं, मग दोन मिनिटं शांतता. बोलावून असं बसवून ठेवणं न बोलावण्यापेक्षा जास्त लागतं.

शिवाय हा नियम आपण शोधलेला नाही. ‘मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही’ हे आपल्याला त्यांनीच शिकवलं. बाबांचे ऑफिसमधले मित्र आले की आपल्याला खाली खेळायला पाठवलं जायचं. त्यात कुणाला अन्याय दिसला नाही, आणि तो नव्हताही. आपल्या वयाच्या माणसांत बसणं ही प्रत्येक वयाची गरज असते.

मग आज त्यांना का लागतं? कारण आपल्याला खाली पाठवलं तेव्हा खाली आपली पोरं होती. ते आत जातात तेव्हा आत कुणीच नसतं.

ते ‘कुणी’ पूर्वी होतं. कराड, मिरज, सातारा, जळगाव, नांदेड, कुठलंही गाव घ्या. बाबांचा सकाळचा ठरलेल्या टपरीवरचा चहा होता. वाचनालयात वर्तमानपत्राची वाटणी होती. पहिलं पान एकाकडे, खेळाचं दुसऱ्याकडे. ज्येष्ठ नागरिक संघाची सभा होती, तिथे कार्यकारिणीवरून भांडणंही होती. आईची भिशी होती, भजनी मंडळ होतं, संक्रांतीचं आणि चैत्राचं हळदीकुंकू होतं, कोजागिरीला गच्चीवर आटवलेलं दूध होतं. यात थोर असं काही नव्हतं. पण त्या ठिकाणी ती दोघं आपापल्या नावाने होती. दोन दिवस दिसली नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी दार वाजवायचं.

हे सोन्याचे दिवस होते असं मी म्हणत नाही. हळदीकुंकवाला विधवेला बोलवत नसत. अनेक घरांत आजही बोलवत नाहीत. कुणाच्या ओट्यावर कोण बसणार हे जात ठरवायची. आणि आपल्या आयांच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना पन्नाशीपर्यंत स्वतःची मैत्रीण अशी नव्हतीच. होत्या त्या नवऱ्याच्या मित्रांच्या बायका किंवा मुलांच्या मित्रांच्या आया. मुलं शिकायला बाहेर पडली तेव्हा कुठे त्यांना भजनी मंडळ मिळालं, योगाचा क्लास मिळाला, चौघींनी मिळून अष्टविनायक करून यायची हिंमत मिळाली. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा स्वतः निवडलेली माणसं मिळाली. आणि नेमकं तेव्हाच आपण त्यांना इकडे बोलावून घेतलं.

का बोलावलं, हेही स्पष्ट बोलू. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. खासगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्याने एक दिवसाचीही रजा मिळत नाही. हिशोब सोपा आहे. सव्वीस आठवडे संपतात तेव्हा बाळ सहा महिन्यांचं असतं आणि दोघांचेही लॅपटॉप उघडलेले असतात. कायद्यातलं पाळणाघर हिंजवडीतल्या टॉवरच्या तळमजल्यावर असलं, तरी तिथवर बाळाला घेऊन दीड तास ट्रॅफिकमध्ये कोण बसणार? मग कराडच्या घराला कुलूप लागतं. ‘तिकडे एकटे राहून काय करणार?’ असं आपण म्हणतो. तिकडे ती दोघं होती आणि शिवाय एक अख्खी गल्ली होती. आपल्याजवळ नसलेल्या माणसाला आपण एकटा म्हणतो.

परदेशात याचंच मोठं रूप दिसतं. अमेरिकेत व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना साधारणपणे एका वेळी सहा महिने राहता येतं. म्हणून बाळंतपणानंतर सहा महिने तिचे आई-बाबा आणि मग सहा महिने त्याचे, अशी रिले शर्यत लागते. अनेक उपनगरांत गाडी नसेल तर साधं दूध आणायलाही बाहेर पडता येत नाही. मराठी मंडळाचा गणपती असतो, पण तिथे जायलाही मुलाची सुट्टी आणि मुलाची गाडी लागते. ज्या माणसाने पस्तीस वर्षं एसटीत किंवा शाळेत नोकरी केली, तो खिडकीतून शेजाऱ्याचं लॉन पाहत बसतो.

आणि हे पाहायला न्यू जर्सीला जायची गरज नाही. आपल्या सोसायटीच्या गेटवर जा. पाहुणा आला की वॉचमन ॲपवर नोंद करतो आणि परवानगीचं नोटिफिकेशन फ्लॅटच्या नोंदवलेल्या नंबरवर येतं. तो नंबर बहुतेक घरांत मुलाचा किंवा सुनेचा असतो. आईची जुनी मैत्रीण पुण्यात लेकीकडे आली आहे, पत्ता शोधत, रिक्षा करून भर उन्हात गेटवर पोचली आहे, आणि तिला वर सोडायचं की नाही हे ठरवणारा मुलगा मीटिंगमध्ये आहे. फोन सायलेंटवर. साठ वर्षांच्या बाईला स्वतःच्या पाहुणीसाठी मुलाची मंजुरी लागते, आणि आपण याला सिक्युरिटी म्हणतो. आपल्या घरी आपले मित्र किती वेळा आले हे आपल्याला सांगता येईल. त्यांचे मित्र शेवटचे कधी आले होते? तेव्हा चहा कुणी केला?

आमच्या क्षेत्रात एक शब्द आहे, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. सगळी सिस्टीम एकाच भागावर उभी असेल आणि तो भाग बंद पडला की सगळंच बंद पडणार असेल, तर ते डिझाइन वाईट, असं आम्ही शिकतो. एका सर्व्हरच्या भरवशावर कुणी बँक चालवत नाही. पण दोन माणसांची बोलण्याची, हसण्याची, रुसण्याची सगळी गरज आपण एका मुलावर टांगतो. तो मुलगा दिवसाचे दहा तास कामात असतो आणि शनिवारी त्याला स्वतःचे मित्र हवे असतात. त्या एका शनिवारी आईचा चेहरा पडला तर तिला आपण ‘क्लिंगी’ म्हणतो. आधी तिची बाकीची सगळी माणसं काढून घ्यायची आणि उरलेल्या एकाला तिने धरून ठेवलं की नाव ठेवायचं, हा कुठला न्याय?

आपल्या कायद्यालाही हे दिसत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा निर्वाहाची व्याख्या करतो ती अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार अशी. कायदा इतकंच करू शकतो, हे मान्य. पण आपणही तेवढ्यावरच स्वतःला पास करून घेतो. मेडिक्लेम आहे, एसी आहे, स्वतंत्र खोली आहे, अजून काय हवं?

आपल्या गोष्टीही हाच प्रश्न विचारतात. ‘नटसम्राट’ 1970 चं, ‘बागबान’ 2003 चा. मुलांनी आई-बापाला घरात कसं ठेवलं, यावर सगळं नाटक उभं. पण 2016 च्या ‘नटसम्राट’ चित्रपटात नाना पाटेकरांचे अप्पासाहेब आणि विक्रम गोखल्यांचा रामभाऊ समोरासमोर येतात ते प्रसंग आठवा. तिथे म्हातारा कुणाचा बाप नसतो. तो कुणाचा तरी मित्र असतो, शिव्या देतो, चिडवतो, रडतो. अप्पासाहेब तिथे जितके जिवंत वाटतात तितके ते मुलांच्या घरात कुठेच वाटत नाहीत.

आता यावर येणारं पहिलं उत्तर मला माहीत आहे: ‘पण त्यांना नातवंडांत रमायला आवडतं.’ आवडत असेलच. पण एखादी गोष्ट आवडणं आणि तीच एक गोष्ट उरणं यांत फरक आहे. दुसरं उत्तर: ‘आमच्याकडे पर्याय नाही, दोघांच्या नोकरीशिवाय हप्ते फिटत नाहीत.’ हे खरं आहे, आणि म्हणूनच ते जे करतात त्याला काम म्हणा. काम म्हटलं की तास ठरतात, रजा ठरते, बदली माणूस ठेवावा लागतो. माया म्हटलं की यातलं काहीच द्यावं लागत नाही, म्हणून आपल्याला तो शब्द आवडतो. तिसरं उत्तर: ‘इथेही सोसायटीत ज्येष्ठांचा ग्रुप आहे, ते जातच नाहीत.’ पासष्टाव्या वर्षी अनोळखी बाकावर जाऊन नव्याने ओळख करून घेणं काय असतं, हे नवीन ऑफिसमध्ये पहिले तीन महिने एकटं जेवणाऱ्याला तरी कळायला हवं. आणि तो ग्रुप संध्याकाळी सहाला भरतो. सहाला आजी कुठे असते? नातवाला पाळण्यावर झोका देत.

म्हणून पार्टीचं आमंत्रण नको. बाकी चार गोष्टी द्या. गेटच्या ॲपवर त्यांचा नंबर टाका. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी बाळ पूर्णपणे आपल्याकडे घ्या, मग रिलीज असो वा नसो. महिन्यातून एक रविवार हॉल त्यांचा असू दे. त्यांची माणसं येतील, भजन म्हणतील, पत्ते कुटतील, सुनेबद्दलही बोलतील, आणि आपण चहा ठेवून बाहेर निघून जाऊ. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गावाकडचं घर चालू ठेवा. वर्षातले तीन-चार महिने त्यांनी तिकडे राहायचं, भिशीतला नंबर सोडायचा नाही, हे बाळाच्या लसीकरणासारखं तारखा लावून ठरवा. त्या दिवसांत पाळणाघराचे पैसे जातील. जाऊ देत.

आई-बाबांना इकडे आणलं ते प्रेमापोटी, असं आपण सगळ्यांना सांगतो. तसं असेल तर ते प्रेम कराडच्या बंद घराचं वीजबिल भरण्याइतकं तरी असायला हवं.