परीक्षा 31 मार्चलाच का, कुलगुरू महोदय?

मा. कुलगुरू महोदय,



विद्यापीठाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. ज्यांनी ओळखायचे ते ओळखतील. परीक्षा विभाग तर नक्कीच ओळखेल, कारण आमच्या प्रत्येक अर्जाला त्यांचे एकच ठरलेले उत्तर येते : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ निकाल काय लागला, तेवढे कळवायचे राहून जाते.

आपल्या सहकार व्यवस्थापनाच्या ‘ऑनलाइन, अर्धवेळ’ पदव्युत्तर अभ्यासक्रमाची परीक्षा यंदाही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठेवली आहे. शेवटचा पेपर 31 तारखेला, दुपारी 2 ते 5. विषय : सहकारी संस्थांचे आर्थिक व्यवस्थापन. असा मुहूर्त पंचांग उघडूनही सापडला नसता.

31 मार्चला विकास संस्थेत, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, काय चालते, हे सहकार शिकवणाऱ्यांना आम्ही सचिवांनी सांगावे? सकाळपासून ओट्यावर माणसे बसलेली असतात. नवं-जुनं करायला कुणी आडत्याकडून, कुणी मेव्हण्याकडून चार दिवसांच्या बोलीवर रक्कम आणलेली असते. ती भरून पावती हातात पडली, तरच त्याचे नाव थकबाकीतून निघते, व्याजसवलत टिकते आणि नव्या हंगामाचे कर्ज मिळते. ती पावती सचिव, म्हणजे आपला विद्यार्थी, फाडतो. वसुलीचा भरणा जिल्हा बँकेच्या शाखेत त्याच दिवशी तोच करतो. आणि आपली प्रणाली बजावते की तीन तास कॅमेऱ्यासमोरून हलू नका, मागे दुसरी व्यक्ती दिसली तर पेपर रद्द. महोदय, मागे अख्खे गाव उभे असते!

पेपर चुकला की पुन्हा नोंदणी, पुन्हा शुल्क. शुल्क भरायची तारीख मात्र आपण कधी चुकवत नाही.

बरे, मार्च सरला की आम्ही मोकळे, असेही नाही. एप्रिल ते जून खरिपाचे कर्जवाटप. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे वर्ष संपल्यापासून 4 महिन्यांत, म्हणजे 31 जुलैपर्यंत, लेखापरीक्षण व्हायला हवे. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, तिची 14 दिवस आधी नोटीस, वर दोषदुरुस्ती अहवाल. एकेका सचिवाकडे दोन-दोन, तीन-तीन संस्थांचे दप्तर असते. या सगळ्यावर आपले ‘अर्धवेळ’ कसे बसवले आहे, ते पाहू. आपल्याच माहितीपत्रकाप्रमाणे 80 क्रेडिट, एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे 2,400 तास. मुदत 2 वर्षे, म्हणजे 104 आठवडे. दर आठवड्याला 23 तास! संस्थेचे काम उरकून, शेत सांभाळून, रविवार धरून रोज सव्वातीन तास. अर्धवेळ कुणाचा? हाच अभ्यास 3 वर्षांवर नेला तर आठवड्याला साधारण 15 तास पडतात, 4 वर्षांवर नेला तर साडेअकरा. हा हिशेब मांडायला पदव्युत्तर शिक्षण लागत नाही, कीर्द लिहिणाऱ्यालाही तो जमतो.

कॅनडात हॅलिफॅक्सच्या सेंट मेरीज विद्यापीठाने 2003 साली नोकरीत असलेल्या सहकारी व्यवस्थापकांसाठी असाच अभ्यासक्रम सुरू केला. ऑनलाइन, अर्धवेळ, आणि 3 वर्षांचा. म्हणजे हे जमते.

आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आहे, शेजारी तो उभारणारे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ. आतल्या पानांत मात्र सहकारी कारखान्याचे एकही उदाहरण नाही, सगळ्या खासगी कंपन्या. आमच्यातल्या एकाने प्रकल्पासाठी अनिष्ट तफावतीचा विषय घेतला. बँकेला संस्था देणे लागते जास्त आणि सभासदांकडून येणे आहे कमी, या दुखण्याने विकास संस्था बसतात. त्यावर शेरा आला : ‘विषय व्यवस्थापनाच्या कक्षेत येत नाही.’ यावर काय बोलायचे? सोडून देतो.

2025 हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष होते. त्याच वर्षी आणंदच्या त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा कायदा संसदेने केला. त्याआधी 2022 मध्ये केंद्राने 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आमच्यासारख्याच विकास संस्थांच्या, संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपये मंजूर केले. आदर्श उपविधींनी या संस्थांना 25हून अधिक व्यवसायांची दारे उघडली आहेत : गोदाम, खतविक्री, सेवा केंद्र. संगणक आला, उपविधी आले. ते चालवणारा माणूस शिकायला स्वतःहून तुमच्या दारात आला, स्वतःच्या पगारातून शुल्क भरून आला, आणि तुम्ही त्याला वसुलीच्या दिवशी परीक्षेला बसवता. सहकार सप्ताहात, 14 ते 20 नोव्हेंबर, आपण याच सचिवांना ‘चळवळीचा कणा’ म्हणता. त्या आठवड्यात भाषणांऐवजी पेपर घेतलात तरी आम्ही आनंदाने देऊ.

मागणी साधी आहे. परीक्षा डिसेंबरात घ्या. मार्च आणि सप्टेंबर हे दोन महिने वेळापत्रकातून कायमचे वगळा. मुदत जादा शुल्क न लावता 4 वर्षांपर्यंत वाढवू द्या. यासाठी नवी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. विद्या परिषदेच्या एका बैठकीत ठराव होतो. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि झालेल्या ठरावाची प्रत आम्हाला लेखी पाठवावी. ‘निकाली काढले’ हे उत्तर चालणार नाही.

आपला विद्यार्थी (अजून तरी),
एका विकास संस्थेचा सचिव