दोर ओढणारीचे माप

‘कला शाखेच्या मुलीने कॅल्क्युलेटर उघडून त्याला तारा जोडण्याची उठाठेव कशाला करावी?’ हा प्रश्न मला गेल्या वर्षी घरी विचारला गेला, कसारा लोकलमध्ये विचारला गेला आणि खुद्द आपल्या महाविद्यालयाच्या आवारातही विचारला गेला. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मोजमाप हे विज्ञान शाखेचे काम, आपले काम पुस्तके वाचण्याचे, अशी वाटणी आपण सर्वांनी मनोमन करून टाकली आहे. ही वाटणी मला मान्य नाही. ती का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

मी खडवलीजवळच्या एका वाडीत राहते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. खडवली म्हटले की शहरातल्या मित्रमैत्रिणींना भातसा नदी आणि पावसाळी सहल आठवते. नदी आमच्या गावावरून वाहते हे खरे. भातसा धरणाचे पाणी याच नदीतून पुढे पिसेपर्यंत जाते, तिथे ते उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईला पोचते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयांत भातसा सर्वांत मोठा. परंतु नदी गावावरून जाते म्हणून ती घरात येते असे नाही. वाडीत नळ आले आहेत. उन्हाळ्यात त्यांना पाणी येते तेव्हा येते. एरवी भिस्त विहिरीवर. विहिरीवर लोखंडी रहाट, रहाटावर नायलॉनचा दोर, दोराला दहा लिटरचा डबा. आम्ही त्याला अजून पोहराच म्हणतो.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात वाडीतल्या पाच बायका टँकरचा अर्ज घेऊन एका कचेरीत गेल्या. अर्ज लिहिणारी मी, म्हणून मीही बरोबर गेले. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारले, ‘पाणी खाली गेले म्हणता, पण किती खाली गेले?’ आई म्हणाली, ‘साहेब, तिसरी गाठ पण खाली गेली.’ साहेब हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तू शिकलेली दिसतेस. आकडा काय?’ माझ्याजवळ आकडा नव्हता. बारावी पास झालेल्या मुलीला आपल्या विहिरीचे पाणी किती मीटरवर आहे हे सांगता आले नाही. परतीच्या वाटेवर आई काहीच बोलली नाही, आणि मलाही बोलण्यासारखे काही सुचले नाही.

गाठीची गोष्ट अशी. आईने दोराला दर दोन वावांवर एक गाठ मारलेली आहे. दोन्ही हात पसरले की एक वाव. पहिली गाठ रहाटावरून खाली उतरू लागली की थंडी संपत आली; दुसरी उतरली की शिमगा जवळ आला; तिसरी उतरली की आता टँकर पाहिजे. हे माप तिला तिच्या सासूने शिकवले. कचेरीत हसू आले ते या मापाला.

वास्तविक हे हसण्यासारखे माप मुळीच नाही. इतिहासाचा अभ्यास करताना मला कळले की दोर हे माणसाच्या अगदी जुन्या मोजपट्ट्यांपैकी एक आहे. यज्ञवेदी आखण्याचे शास्त्र सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी. काटकोन त्रिकोणाचा जो नियम आपण शाळेत पायथागोरसच्या नावाने शिकलो, तो बौधायनाने आयताच्या कर्णावर ताणलेल्या दोरीच्या भाषेत सांगितला आहे. अशोकाच्या लेखांत ‘राजुक’ नावाचे अधिकारी येतात. हे नाव ‘रज्जु’ म्हणजे दोर या शब्दावरून आले असावे आणि जमीन मोजणे हे त्यांचे मूळ काम असावे, असे अभ्यासक मानतात. तळकोकणात विहिरीच्या दोराला ‘राजू’ म्हणतात, त्याचे मूळही रज्जूतच. आणि गाठींचे म्हणाल तर जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींमध्येच सांगतात. जुने खलाशी दोराला लाकडी फळी बांधून समुद्रात सोडत. ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ असे. २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात जितक्या गाठी हातातून सरकतील तितके नॉट. धावत्या दोराची लांबी मोजण्याचे हे साधन आणि माझ्या आईचा दोर यांत तत्त्वाचा फरक मला तरी दिसत नाही. एकाला आरमाराची मान्यता मिळाली, दुसऱ्याला कचेरीत हसू मिळाले, एवढाच काय तो फरक.

तेव्हा ठरवले की आईच्या गाठींचे मीटरमध्ये भाषांतर करायचे. भाषांतर हे तर कला शाखेचेच काम!

क्रेनच्या किंवा लिफ्टच्या दोराची लांबी मोजायला तयार उपकरणे असतात, पण त्यांच्या किमती आमच्या आवाक्यातल्या नाहीत. त्यांचे तत्त्व मात्र सोपे आहे. दोर ज्या चाकावरून जातो त्या चाकाचे फेरे मोजायचे आणि फेऱ्यांना चाकाच्या परिघाने गुणायचे. मामांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. त्यांच्या मदतीने रहाटाच्या चाकाला समान अंतरावर चार लहान चुंबके चिकटवली. चौकटीवर एक रीड स्विच बसवला. ही एक काचेची नळी असते, तिच्यात दोन बारीक पत्र्या असतात. चुंबक जवळ आले की त्या एकमेकींना चिकटतात, दूर गेले की सुटतात. या स्विचच्या दोन तारा एका साध्या कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’च्या कळीच्या दोन टोकांना जोडल्या. साध्या कॅल्क्युलेटरवर एखादी रक्कम टाकून बेरजेची कळ दाबली आणि मग ‘बरोबर’ दाबत गेले की दर वेळी तीच रक्कम मिळत जाते. म्हणजे चुंबक एकदा समोरून गेले की एक बेरीज. सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला, कारण जुना कॅल्क्युलेटर घरातलाच होता.

यंत्र झाले, पण ते खोटे बोलू लागले. चाकाच्या खाचेचा परीघ दोरा गुंडाळून मोजला होता, तो आला ६३ सेंटिमीटर. चार चुंबके, म्हणून एका ठोक्याला सुमारे पावणेसोळा सेंटिमीटर धरले. पण टेपने मोजलेला १० मीटर दोर सोडला तर कॅल्क्युलेटर सव्वानऊच दाखवी! दोन दिवस डोके खाजवल्यावर ध्यानात आले की दोरालाही जाडी असते. दोर खाचेवर बसतो, म्हणून त्याचा मध्य चाकाच्या मध्यापासून थोडा दूर फिरतो आणि एका फेऱ्यात दोर जास्त सरकतो. मग पुस्तकातल्या सूत्राचा नाद सोडला. १० मीटर दोराला ५९ ठोके पडले, म्हणून एक ठोका १७ सेंटिमीटरचा, असे प्रत्यक्षावरून ठरवले. दुसरी खोड अशी की पोहरा धाडकन सोडला तर कॅल्क्युलेटर काही ठोके गिळतो. तेव्हा दिवसातून एकदा, सकाळी पहिला पोहरा सावकाश सोडायचा, तो पाण्याला टेकला की दोर सैल पडून चाक थांबते, तो आकडा वहीत लिहायचा, असा शिरस्ता ठेवला. १७ सेंटिमीटरच्या आतला फरक हे यंत्र दाखवत नाही, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

गेल्या वर्षी दिवाळीपासून वैशाखापर्यंत ही वही चालली. दिवाळीत ३.४० मीटर, वैशाखाच्या अखेरीस ९.६९ मीटर. तिसरी गाठ रहाटावर आली त्या दिवशी आकडा होता ९.३५. तीन गाठी म्हणजे सहा वाव. भागाकार केला तर एक वाव १५६ सेंटिमीटरचा. पसरलेले दोन हात जवळजवळ माणसाच्या उंचीइतके असतात असे म्हणतात. आईची उंची मोजली, ती १५५ सेंटिमीटर भरली. दोन वर्षांपूर्वी कचेरीत आईने जे सांगितले होते ते सेंटिमीटरपर्यंत बरोबर होते! चूक तिच्या मापात नव्हती.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मी मोजायला निघाले नव्हते. आमच्या घराला रोज वीस पोहरे लागतात. दिवाळीत आई रोज ६८ मीटर दोर ओढत होती, वैशाखात १९४ मीटर. म्हणजे दहा किलोचे ओझे रोज साठ मजल्यांवर चढवण्यासारखे. महिन्याचा हिशेब केला तर ५ किलोमीटर ८०० मीटर दोर. आमच्या स्टेशनातून टिटवाळ्याच्या बाजूला सरळ पसरला तर टिटवाळा फार दूर राहणार नाही. मुंबईच्या उंच इमारतींत भातसाचेच पाणी पंपाने वर चढते, त्या पंपाला विजेचा मीटर असतो आणि मीटरचे बिल येते. आईच्या हातांना मीटर नव्हता, म्हणून ते काम कुणाच्या हिशेबात नव्हते. आईला हा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘मोजल्याने पाणी वाढतं काय गो?’ पण संध्याकाळी तिनेच शेजारच्या काकूंना तो आकडा सांगितला.

येथवर सगळे गोड वाटते. परंतु मापाने भांडण मिटते असे जे मी समजत होते ते खरे नाही. फाल्गुनात एके दिवशी संध्याकाळी आकडा ६.६३ होता, तो सकाळी ७.३१ झाला. रात्री कुणी पाणी शेंदत नाही. उलट रात्रीत झऱ्याने पाणी थोडे वर यायला हवे. पाणी गेले होते पंपाने, आणि पंप माझ्या काकांचा! काकांची अर्धा एकर भेंडी आणि वांगी आहेत. तीच त्यांची उन्हाळ्याची मिळकत. घरात चार दिवस अबोला झाला. ‘पोरीचं खेळणं खोटं बोलतं,’ असे काका म्हणाले. मग त्यांनी स्वतः सुतळीला दगड बांधून विहिरीत सोडला आणि टेपने सुतळी मोजली. माझ्या यंत्रात आणि त्यांच्या दगडात एका वितीपेक्षाही कमी फरक निघाला. काका काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी तेच म्हणाले, ‘आकडा आठाला टेकला की पंप बंद. त्याआधी मला अडवायचं नाही.’ बायकांनी ते मान्य केले, आणि शब्द दोन्ही बाजूंनी पाळला गेला.

मला या सगळ्यात मोलाचे वाटते ते हे, की काकांना माझ्या मापाची खात्री दगड आणि सुतळीने करून घेता आली. इतिहासात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. अकबराच्या काळी जमीन मोजण्याचा दोर ओला झाला की आखडे आणि रयतेवर अन्याय होई, म्हणून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आली. शिवशाहीत ५ हात आणि ५ मुठींची काठी ठरली आणि २० काठ्या लांब, २० काठ्या रुंद तो बिघा झाला. माप ठरलेले असेल आणि ते रयतेला स्वतः पडताळता येत असेल, तरच त्याला न्याय म्हणता येईल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाऊस आणि विहिरी मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडला आणि पिके त्यावरून ठरवली. त्या गावाचे नाव देशभर झाले ते काही कुणी आयते पाणी आणून दिले म्हणून नव्हे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ते काम आवश्यकच आहे. पण प्रत्येक वाडीच्या प्रत्येक विहिरीशी सरकार रोज सकाळी येऊन उभे राहू शकत नाही. तिथे रोज सकाळी दोर ओढणारी बाई उभी असते. माप तिच्या हातात असले पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, की आकड्याने टँकर लवकर आला का? नाही आला. विहीर वैशाखात खाली जायची ती गेलीच. पंप थांबवल्याने किती दिवस पाणी जास्त पुरले हे एका वर्षाच्या वहीवरून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यासाठी दोन-तीन वर्षांच्या नोंदी हव्यात. पण या वर्षी अर्ज करण्याची वेळ आली तर त्याबरोबर तारीखवार आकडे जोडता येतील. आणि त्या आकड्यांखाली आईच्या गाठीही लिहिलेल्या असतील, कारण कॅल्क्युलेटरचा सेल संपतो, गाठीचा संपत नाही.

म्हणून माझे आपल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थी बंधुभगिनींना सांगणे आहे. कसाऱ्याच्या, मुरबाडच्या, भिवंडीच्या बाजूने आपल्यातले कितीतरी जण रोज येतात. प्रत्येकाच्या गावात विहीर आहे. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात, अर्थशास्त्राच्या प्रकल्पात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रोप लावतो, रस्ता झाडतो. त्याबरोबर एका विहिरीचा दोर मोजावा. यंत्र नसले तरी चालेल, दगड आणि सुतळी पुरे. मात्र मोजण्यापूर्वी दोर ओढणारीला विचारावे, की बाई, तुमची गाठ कुठवर आली आहे? पुष्कळदा तिला ठाऊक असते. आपण शिकलेल्यांनी ते कचेरीच्या भाषेत लिहून द्यायचे असते, एवढेच.

कचेरीत मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी आता देऊ शकते. आज सकाळी आमच्या विहिरीचा आकडा ५.२७ मीटर होता. पहिली गाठ खाली गेली आहे, दुसरी यायची आहे.

— द्वितीय वर्ष, कला (इतिहास)