विश्लेषण : डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला म्हणजे बॅटरीच गेली का?

संध्याकाळी अमरावतीहून निघालेली गाडी मूर्तिजापूरच्या पुढे येते आणि मीटरमध्ये बॅटरीचा लाल दिवा लागतो. गाडी मात्र नेहमीसारखीच पळत असते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नवी बॅटरी बसवली जाते, साधारण चार-पाच हजार रुपये जातात आणि आठवडाभरात तोच दिवा पुन्हा लागतो. आमच्या घरच्या गाडीचे अगदी असेच झाले. बिघाड अल्टरनेटरच्या झिजलेल्या कार्बन ब्रशमध्ये होता. काहीशे रुपयांचे काम होते. जुनी बॅटरी तोवर एक्स्चेंजमध्ये देऊन झाली होती.

मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्यात जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले होते. अशा उन्हात बॅटऱ्या लवकर दगावतात हे खरेच आहे. त्यामुळे ‘उन्हाने बॅटरी गेली’ हे उत्तर गॅरेजवाल्यालाही सोपे वाटते आणि आपल्यालाही पटते. पण दिवा खरोखर तेच सांगतो का?

हा दिवा नेमके काय दाखवतो?

जुन्या पद्धतीच्या गाड्यांत या दिव्याचे एक टोक चावीमार्गे बॅटरीला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. जुने मिस्त्री अल्टरनेटरला आजही डायनामो म्हणतात. चावी फिरवली की एका टोकाला १२ व्होल्ट असतात, दुसरीकडे जवळपास काहीच नसते, म्हणून दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागला की दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो आणि दिवा विझतो. नव्या गाड्यांत हे काम कंप्युटर करतो, पण दिव्याचा अर्थ बदललेला नाही. इंजिन चालू असताना हा दिवा लागला, तर चार्जिंग होत नाही एवढेच त्यातून कळते.

याची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. बॅटरी खरोखर मरायला टेकलेली असते तेव्हा हा दिवा बहुतेक वेळा लागतच नाही. सकाळी सेल्फ मारताना इंजिन जड फिरते, हेडलाइट मंद होतात. एकदा गाडी सुरू झाली की दिवा विझलेलाच राहतो.

खात्री करायला काहीशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२ च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे. सेल्फ मारताना आकडा साधारण साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यावा, मात्र ही चाचणी बॅटरी पूर्ण चार्ज असतानाच खरी. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळाले तर अल्टरनेटर ठीक आहे. स्मार्ट हायब्रिड गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त केले जाते, त्यामुळे तिथे एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

दिवा लागल्यावर गाडी किती जाईल?

अमरावती–अकोला साधारण १०० किलोमीटर. जून २०२२ मध्ये याच मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला होता. रस्ता चांगला झाला, वेग वाढला, पण बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू ही गावे सोडली तर मध्ये रात्री मिस्त्री सापडणे कठीणच.

आता हिशेब पाहा. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून १० अँपिअर, इंजिनचा कंप्युटर, फ्यूएल पंप आणि इग्निशन मिळून तेवढेच, वर एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा. म्हणजे ३० अँपिअरच्या पुढे जायला वेळ लागत नाही. कागदावर तासभर निघतो, प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण बॅटरी पूर्ण रिकामी होण्याआधीच इंजिनचा कंप्युटर हात टेकतो.

म्हणून एसी, ब्लोअर, म्युझिक, मोबाइलचा चार्जर सगळे बंद करावे. रात्री हेडलाइट मात्र बंद करू नयेत. जवळचे गाव येईपर्यंत इंजिन बंद करू नये, कारण पुन्हा सेल्फ मारायला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. दिव्याबरोबर तापमानाचा काटाही चढू लागला तर लगेच थांबणे भाग आहे. बेल्ट तुटलेला असू शकतो आणि अनेक गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप चालतो. गाडी पूर्ण डावीकडे घ्या, हॅझार्ड लावा, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवा आणि गाडीत बसून न राहता कठड्यापलीकडे उभे राहा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

मग उन्हाचा दोष काहीच नाही?

आहे. लेड-अॅसिड बॅटरीचे तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. बाहेर ४५ अंश असताना बॉनेटखाली त्याहून बरेच जास्त असतात. आतल्या जाळ्या गंजतात, पाणी उडते. पण हे नुकसान मे महिन्यात दिसतेच असे नाही. अनेकदा बॅटरी उन्हाळा कशीबशी काढते आणि डिसेंबरच्या एखाद्या गार सकाळी दगा देते. सीलबंद नसलेल्या बॅटरीत उन्हाळ्याआधी आणि नंतर डिस्टिल्ड वॉटर पाहणे हा जुना सल्ला आपल्या भागात अजूनही लागू आहे. हीच उष्णता अल्टरनेटरमधल्या डायोड आणि रेग्युलेटरलाही सोडत नाही.

एकाच वेळी चार-पाच दिवे का लागतात?

एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, चेक इंजिन असे सगळे एकदम लागले की पोटात गोळा येतो. पण चार यंत्रणा एकाच क्षणी बिघडण्याची शक्यता कमी. त्यांना जोडणारी गोष्ट वीज आहे. व्होल्टेज घसरला की प्रत्येक कंप्युटर आपापली तक्रार नोंदवतो. म्हणून आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंग पाहावे. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर, सैल नट, इंजिन आणि बॉडीला जोडणारी गंजलेली अर्थ वायर. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीचे निगेटिव्ह आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये मीटर धरा. ०.२ व्होल्टहून बरेच जास्त दिसले तर अर्थिंगमध्ये खोट आहे. पाच मिनिटांचे काम आहे, पण स्कॅनर हातात आल्यापासून अनेक ठिकाणी हे मोजायचेच राहून जाते.

दुसरे कारण उंदीर. शेजारी सोयाबीन-तुरीची पोती आणि टिनाच्या शेडखाली पंधरा दिवस उभी गाडी, असे असेल तर आधी बॉनेट उघडून वायरिंग बघावे. एकटा एबीएसचा दिवा पावसाळ्यात पांदण रस्त्यावरून आल्यावर लागला असेल, तर चाकाजवळच्या सेन्सरवर काळ्या मातीचा चिखल बसलेला असू शकतो. एकट्या एबीएसच्या पिवळ्या दिव्यात साधे ब्रेक चालतात, फक्त चाके लॉक होण्यापासूनचे संरक्षण जाते. सोबत ब्रेकचा लाल दिवाही असेल तर मात्र गाडी पुढे नेऊ नये.

स्कॅनरने दाखवलेला कोड म्हणजे निदान नव्हे?

नव्हे. उदाहरणार्थ पी०५६२ या कोडचा अर्थ ‘कंप्युटरला मिळणारा व्होल्टेज कमी आहे’ एवढाच. त्यामागे अल्टरनेटर, घसरणारा बेल्ट, सैल टर्मिनल किंवा अर्थिंग यांपैकी काहीही असू शकते. मिस्त्रीला विचारण्याजोगा प्रश्न एकच : कोड आल्यावर तुम्ही काय मोजले? उत्तरात आकडा आला नाही तर पार्ट बदलायची घाई करू नये.

हल्ली चेक इंजिनचा दिवा लागला की ई२० पेट्रोलला दोष दिला जातो. ई२०च्या सक्तीविरोधातली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, पण शंका कायम आहेत. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने इंजिनला थोडे जास्त इंधन सोडावे लागते. ई१० वरून ई२० वर जाताना हा फरक साधारण ४ टक्क्यांचा आहे आणि कंप्युटर तो सहसा सांभाळून घेतो. पंप आधीच कमजोर असेल किंवा कुठे हवा गळत असेल, तर तेवढा फरकही पुरतो आणि दिवा लागतो. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर आहे. तशीच गाडी दामटली तर महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो.

जुनी गाडी घेताना काय पाहावे?

१ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, २०२२ पासून पुढच्या दोन्ही. त्या गाड्या आता सेकंड हँड बाजारात येत आहेत. एअरबॅगचा दिवा सतत लागलेला असेल तर धडकेत ती फुगेल याची खात्री नसते. कधी कारण किरकोळ असते, सीटखालचा पिवळा कनेक्टर पायाने हललेला असतो. पण त्या वायरिंगला घरी मल्टिमीटर लावू नये, एअरबॅग फुटू शकते.

दिवा लागलेला नसणे जास्त धोक्याचे ठरू शकते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा दुसऱ्या एखाद्या दिव्याबरोबरच लागून विझला, तर कुणीतरी मीटर उघडून हात मारलेला असू शकतो. व्यवहाराआधी कोड पुसून टाकलेले असतात तेव्हा डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो. मोबाइलला जोडता येणारा ओबीडी डोंगल लावून ‘रेडिनेस’ पाहा. कोड पुसले की किंवा बॅटरी काढली की कंप्युटरच्या स्वतःच्या चाचण्या शून्यावर येतात आणि बऱ्याच ओळींपुढे ‘नॉट रेडी’ दिसते. तसे दिसले तर विक्रेत्याला दोन-तीन दिवस गाडी चालवू द्यायला सांगा आणि मग पुन्हा डोंगल लावा.