मूळ स्थिती म्हणजे शून्य नव्हे

शेलारहून आमच्या महाविद्यालयात येणारा एक विद्यार्थी मध्यंतरी सांगत होता, "सर, ब्राउझरमध्ये सारख्या जाहिराती येत होत्या. रीसेट केला, आता अगदी कोरा झाला!" दोन दिवसांनी जाहिराती परत आल्या. त्याने सगळी जुनी एक्स्टेन्शन्स पुन्हा चालू केली होती!

रीसेटने नेमके काय होते? क्रोममध्ये सुरुवातीचे पान व शोधयंत्र मूळचे येते, एक्स्टेन्शन्स बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात. म्हणून ठिकठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते. बुकमार्क व साठवलेले पासवर्ड टिकतात. फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन्स काढूनच टाकली जातात. म्हणजे ब्राउझर कोरा होत नाही; निर्मात्याने ठरवलेल्या स्थितीत जातो.

प्रयोगापूर्वी आपण अमीटरचा काटा शून्यावर आणतो. त्या शून्याला अर्थ आहे: प्रवाह नाही. ब्राउझरची 'मूळ स्थिती' मात्र निसर्गाने दिलेली नाही, ती माणसांनी निवडलेली आहे. त्या निवडीची किंमतही मोठी आहे. इतरांच्या ब्राउझरांत व फोनांत आपलेच शोधयंत्र आधीपासून असावे, यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले, असे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. एवढा पैसा कशासाठी? बहुतेक लोक आयती मिळालेली मांडणी बदलत नाहीत, म्हणून!

रीसेट करूच नये, असे माझे म्हणणे नाही. पण तो पहिला उपाय नसावा. यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटला, तर कारागीर सारा ताणा कापत नाही. तुटलेला धागा शोधून गाठ मारतो, हे भिवंडीच्या मुलांना मी काय सांगावे? तसेच येथेही करावे. एकेक एक्स्टेन्शन बंद करून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलणे, हीच प्रयोगाची रीत. आमच्या विद्यार्थ्याने तसे केले, तेव्हा तिसऱ्याच एक्स्टेन्शनला जाहिराती थांबल्या.

एवढे करूनही दोष सापडला नाही, तर रीसेट जरूर करावा. मात्र त्यानंतर सेटिंग्जचे पान उघडून शोधयंत्र कोणते, कुकीज कोणाच्या, परवानग्या कोणाला, हे स्वतः ठरवावे. संगणकाच्या तासाला शिक्षकांनी रीसेटचे बटण दाखवावेच. पण त्याआधी कारण शोधायला आणि त्यानंतर निवड करायला शिकवावे.